चिनूला दम लागला तर आडवं करू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मेच्या सुट्टीत चिनू सोलापूरला येतोय. औषधं सोबत देतेच, पण दम लागल्यावर त्याला कसं बसवता यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आई, तो धापू लागला की तू त्याला मांडीवर आडवं घेऊन थोपटतेस. त्यातली माया मला कळते. पण आडवं झालं की पोटातले अवयव श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, वर रेटतात. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते ती कमी होते आणि दम्याने आधीच आवळलेल्या बारीक श्वासनळ्या आणखी मिटतात. म्हणून त्याला बसवायचं, जरा पुढे झुकवून, कोपरं समोरच्या उशीवर टेकवून. हात टेकले की मान-खांद्याचे स्नायूही श्वासाला मदत करतात. मात्र गुडघ्यांत डोकं घालू देऊ नका, पोट दाबलं जातं. चड्डीचं इलॅस्टिक रुतत असेल तर सैल करा. बाबा, तुम्ही त्याच्या पाठीशी बसा, तो तुमच्याजवळ लवकर शांत होतो. लगेच पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, डॉक्टरांनी लिहून दिलेत तेवढेच पफ.

मग पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. चार वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसले, तर मला फोन नंतर. आधी रिक्षा आणि दवाखाना.

दादाच्या छकुलीचं वेगळं. बाबा, कोरोनात पेशंटना पालथं झोपवायचे हे तुम्ही फोनवर म्हणालात ते खरं आहे, त्याने पाठीकडचं फुप्फुस उघडतं. पण तिथे यंत्रांवर सतत नजर असते. घरी तान्हं बाळ पालथं झोपलं तर झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो. शिवाय मोठ्यांचं बाळांना लागू पडतंच असं नाही: एकच फुप्फुस आजारी असेल तर मोठ्या माणसाची चांगली बाजू खाली ठेवतात, तान्ह्याची वर! तिला उताणीच झोपवा, दुपारीसुद्धा. पालथं खेळणं जागेपणी, कुणीतरी समोर असताना. आई, तिच्यासाठी आणलेली चादर खाली ताणून खोच, अंगावर सैल टाकू नकोस.

गच्चीवर झोपलात तरी पंप चिनूच्या उशाशी असू द्या. रात्री कितीही वाजता फोन करा, मी उचलेन.

तुमची,
मंजू