तक्रार: 'हेरिटेज' कार्यालयातील गळती, टेकू आणि पोटमाळ्याचे भाडे

११ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, भाडे व देखभाल विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

संदर्भ: दादाभाई नौरोजी मार्गावरील तुमच्या इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरची जागा, मार्च २०२५ चा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, माझे ४ जून, २१ जुलै आणि ३० जुलैचे ईमेल

महोदय,

तिन्ही ईमेलना 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढेच ठरावीक उत्तर आले. म्हणून हे पत्र माणसाकरवी पाठवते आहे. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच द्यावी.

आमचे अनुवादाचे छोटे कार्यालय आहे. चार माणसे. हायकोर्टातल्या वकिलांसाठी आम्ही सातबारे, फेरफार, मृत्युपत्रे, जुनी खरेदीखते मराठीतून आणि मोडीतून इंग्रजीत करून देतो. कोर्टातून पायी येता येईल अशी जागा हवी, म्हणून फोर्टचा हट्ट. नाहीतर एवढ्या भाड्यात उपनगरात बरीच मोठी जागा मिळाली असती.

जागा दाखवताना तुमच्या एजंटने अर्ध्या तासात 'हेरिटेज' हा शब्द किती वेळा उच्चारला हे मोजायला हवे होते. चौदा फुटी छत, सागाच्या तुळया, खिडक्यांवर रंगीत काचा, खाली कमानींमधून जाणारा सावलीचा पदपथ. यात काही खोटे नव्हते. मला ते सगळे आवडले आणि आजही आवडते. जाहिरातीत मात्र 'युनेस्को जागतिक वारसा' असेही छापले होते. २०१८ साली त्या यादीत गेला तो ओव्हल मैदानाच्या आजूबाजूचा गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह. तुमची इमारत त्यात नाही. तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. न्यायला नको होते.

करारात क्षेत्रफळ ४४० चौरस फूट कार्पेट आहे. त्यातले ८८ चौरस फूट पोटमाळ्याचे. तो जेमतेम साडेचार फूट उंच, म्हणजे ताठ उभे राहता येत नाही. तरी कागद ठेवायला होईल म्हणून मी मान्य केला. १ एप्रिलला ताबा घेतला तेव्हा पोटमाळ्याला कुलूप होते. मेच्या अखेरीस किल्ली मिळाली. उघडून पाहिले तर आत तुमच्याच जुन्या भाडेकरूंच्या दप्तरांची लाल फडक्यात बांधलेली गाठोडी, छतापर्यंत. ती आजही तिथेच आहेत. महिन्याचे भाडे ६२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. पोटमाळ्याच्या वाट्याला त्यातले १२,४०० येतात. म्हणजे गाठोडी तुमची आणि त्यांचे भाडे भरणार आम्ही.

आता मुख्य गोष्ट. यंदा पाऊस २६ मेलाच आला आणि पहिल्याच आठवड्यात मधल्या तुळईवर ओल दिसू लागली. ४ जूनला फोटो पाठवले. कोणी आले नाही. १९ जुलैच्या रात्री पाणी तुळईवरून वाहत येऊन थेट झेरॉक्स मशीनवर पडले. सकाळी दार उघडले तेव्हा मशीनच्या काचेवर पाण्याचे तळे होते आणि शेजारच्या ट्रेमधल्या एका खरेदीखताच्या कडेला शाई पसरलेली. सुदैवाने ती प्रमाणित नक्कल होती, मूळ कागद नव्हता. नक्कल पुन्हा काढून द्यायला दहा दिवस गेले आणि पक्षकाराची बोलणी आम्ही खाल्ली.

दुपारी तुमचा सुपरवायझर आला. निळी बादली मशीनच्या जागी ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, हेरिटेज आहे, थोडं सांभाळून घ्या." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला वरून जे सांगितले ते त्याने सांगितले.

दोन दिवसांनी तुळई खचल्याचे त्याच्याही लक्षात आले आणि खोलीत लोखंडी टेकू लागले, दोन. एक दाराशी, दुसरा माझ्या आणि सहकारी बाईंच्या टेबलाच्या मधोमध. वर फळीचा तुकडा, खाली फळीचा तुकडा, मध्ये ठोकलेली पाचर. माझा खण आता अर्धाच उघडतो. बाई टेकूला छत्री अडकवतात. 'तात्पुरते' म्हणून लावलेल्या या टेकूंना आज तीन आठवडे झाले.

टेकू लावला याचा अर्थ तुळईवर भरवसा नाही, एवढे मलाही कळते. वरच्या मजल्यावर काय वजन आहे, तुळई किती कुजली आहे, आम्ही खाली बसणे सुरक्षित आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगायला हवे. महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र द्यावे लागते. ते मी दोनदा मागितले. जुलै २०२० मध्ये इथेच, जीपीओजवळ, भानुशाली इमारतीचा भाग कोसळून माणसे गेली. आमच्या घरचे ते विसरलेले नाहीत. माझी आई रोज संध्याकाळी फोन करून 'निघालीस का' विचारते.

दुरुस्ती का होत नाही, असे विचारले की उत्तर एकच: 'हेरिटेजची परवानगी लागते.' लागत असेल. १९९५ पासून मुंबईत वारसा नियमावली आहे, समिती आहे, हे मला ठाऊक आहे. पण परवानगी लागते म्हणजे आधी अर्ज करावा लागतो. तो केला असेल तर त्याचा आवक क्रमांक आणि तारीख कळवा, पुढचे मी स्वतः जाऊन विचारीन. केला नसेल तर तसे लिहून द्या. करारातले अकरावे कलम छप्पर, तुळया आणि लिफ्टची दुरुस्ती तुमच्याकडे देते आणि त्यात 'हेरिटेज' हा शब्द नाही.

तो शब्द जुलैच्या बिलात मात्र आहे: 'हेरिटेज जतन शुल्क, ६,५०० रुपये'. करारात असे कोणतेही शुल्क नाही. मी ते भरलेले नाही, भरणारही नाही.

जाळीची लिफ्ट १२ जूनपासून बंद आहे. फोर्टातला दुसरा मजला म्हणजे इतर ठिकाणचा चौथा. आमच्याकडे येणारे एक वयस्कर वकील आता खाली पानवाल्याजवळ उभे राहून फोन करतात आणि आम्ही कागद घेऊन उतरतो. शिवाय एक छोटी गोष्ट, पण आमच्या धंद्यात ती छोटी नाही: 'दर्शनी भागाची एकरूपता' म्हणून तुम्ही फक्त इंग्रजी पितळी पाटी दिलीत. मराठी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेली पाटी कायद्यानेच लागते. दंड झाला तर तो आमच्या नावावर येईल. कमानीत बसेल अशा मापाची मराठी पाटी आम्ही करून घेतो, फक्त ना हरकत पत्र द्या.

माझे म्हणणे असे. २५ ऑगस्टपर्यंत इंजिनिअरचा लेखी अहवाल द्यावा आणि छताचे काम कधी सुरू होणार ती तारीख कळवावी. एप्रिलपासून पोटमाळ्यापोटी घेतलेले पाच महिन्यांचे ६२,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी परत करावा, किंवा पुढच्या भाड्यात वळता करावा. मशीन दुरुस्तीचे बिल सोबत जोडले आहे. तोपर्यंत काही झाले नाही, तर करारातली एक महिन्याची नोटीस देऊन मी जागा सोडेन आणि ३,७२,००० रुपयांची अनामत पूर्ण परत मागेन. मला जागा सोडायची नाही, हेही लिहून ठेवते.

कळावे,

आपली,
परवानाधारक, दुसरा मजला

सोबत: फोटो (९), मशीन दुरुस्तीचे बिल, जुलैचे बिल

ता.क. पोटमाळ्यावरची दोन गाठोडी भिजली होती. सोडून पंख्याखाली वाळत घातली आहेत. त्यातल्या काही पावत्या मोडीत आहेत. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला पिशवी नको, पुठ्ठ्याचे खोके घेऊन यायला सांगा. कागद ठिसूळ झाला आहे.