पर्पज, एम, गोल सगळं 'उद्देश'च? मधली बरोबरची चिन्हं काढा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थी पुरवणीत इंग्रजी समानार्थी शब्दांचं जे सदर येतं त्यात मागे एक ओळ होती. पर्पज, एम, गोल, ऑब्जेक्टिव्ह, इंटेन्शन, टार्गेट, प्रत्येकाच्या मधे बरोबरचं चिन्ह आणि शेवटी एकच अर्थ, उद्देश. ओळ साफ चुकीची आहे असं म्हणता येणार नाही, कुठलाही कोश उघडा, हे शब्द एकमेकांचा अर्थ सांगायला एकमेकांनाच बोलावतात. पण मुलं यादी पाठ करतात, मग निबंधात जो शब्द जास्त भारी दिसेल तो कुठेही बसवतात, आणि वाक्य व्याकरणात बसतं पण कानाला खटकतं, आणि का खटकतं ते शिक्षकांनाही सांगता येत नाही कारण यादीत तर सगळं सारखंच आहे ना. म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री तुमच्या हातात आहे.

सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे शब्द निर्जीव वस्तूला लावून बघायचा. बटणाला पर्पज असतो, झडपेला पर्पज असतो, फॉर्ममधल्या एखाद्या रिकाम्या चौकटीलाही असतो. पण 'बटणाचा गोल' म्हटलं की हसू येतं आणि 'बटणाचं इंटेन्शन' म्हटलं तर भीतीच वाटेल. पर्पज म्हणजे ती गोष्ट मुळात आहे कशासाठी, हे वस्तूबद्दलही विचारता येतं आणि माणसाबद्दलही. बाकीच्या शब्दांना मागे कुणीतरी ठरवणारा माणूस लागतो. आता कुणी म्हणेल 'एम ऑफ द एक्सपेरिमेंट' सगळेच लिहितात, प्रयोग काय जिवंत असतो का? नसतो, पण तो करणारा असतो, त्याचा एम आपण प्रयोगाच्या नावावर टाकतो एवढंच. पुस्तकाचं, योजनेचं, मोहिमेचं तसंच. आणि मराठीत हे असले फरक आपण कुणी न शिकवता पाळतो. उद्दिष्ट गाठतो, ध्येय गाठतो, पण हेतू गाठला असं कुणी म्हणत नाही, हेतू साध्य होतो. हेतूवर संशय घेतला जातो, उद्दिष्टावर कोण संशय घेतो? मग इंग्रजीच्या बाबतीत एवढी ढिलाई का.

दुसरी कसोटी, ती गोष्ट कधी संपते का. याला संयुक्त राष्ट्रांचे कागद फार कामाला येतात. १९४५ च्या सनदेतलं पहिलं कलम 'पर्पजेस'चं आहे, जगात शांतता राखणं, राष्ट्रांमधे मैत्री वाढवणं वगैरे. अमुक तारखेला शांतता पूर्ण झाली, फाइल बंद, असं होत नाही. त्याच संस्थेने २०१५ साली शाश्वत विकासासाठी जे ठरवलं ते मात्र 'गोल्स', १७ आहेत, आणि त्यांच्याखाली १६९ 'टार्गेट्स', बहुतेकांना २०३० ची मुदत. पहिला गोल गरिबी संपवण्याचा, आणि त्याखालचं एक टार्गेट म्हणजे गरिबीत जगणाऱ्यांचं प्रमाण निदान निम्म्यावर आणायचं. म्हणजे पर्पज म्हणजे आपण आहोत कशासाठी, गोल म्हणजे पोचायचं कुठे, टार्गेट म्हणजे कधीपर्यंत आणि किती. एकाच घरातले तीन शब्द तीन वेगळी कामं करतायत आणि आपली यादी म्हणते तिघं एकच.

एम जरा वेगळा. त्याचं मूळ लॅटिनमधल्या अंदाज करणे या अर्थाच्या क्रियापदात आहे, एस्टिमेट तिथूनच आला, म्हणजे दोघं लांबचे भाऊ. म्हणून एममधे अजूनही नेम धरल्याचा वास आहे, दिशा आहे पण लागेलच अशी खात्री नाही. 'वुई एम टू रिप्लाय इन टू डेज' असं एखादी कंपनी लिहिते तेव्हा ती वचन देत नाहीये, नीट वाचा :) आणि गंमत म्हणजे टार्गेटचा मूळ अर्थ छोटी ढाल, नेम धरायची जागा हा अर्थ नंतरचा.

आता ऑब्जेक्टिव्ह, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. ट्रेनिंगमधे, कोर्समधे ठासून सांगतात की गोल मोठा आणि ढोबळ असतो, ऑब्जेक्टिव्ह छोटा आणि मोजता येणारा. हा नियम इंग्रजी भाषेचा नाहीच, हा ऑफिसातला करार आहे! उद्दिष्टं ठरवून कारभार करायची कल्पना व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मधे मांडली तेव्हापासून हा शब्द मॅनेजमेंटवाल्यांनी उचलला. १९८१ मधे जॉर्ज डोरन यांनी उद्दिष्टं कशी लिहावीत याचं ते प्रसिद्ध 'स्मार्ट' सूत्र दिलं, त्या लेखाच्या नावातच गोल्स आणि ऑब्जेक्टिव्ह्ज दोन्ही शेजारीशेजारी बसलेत. आणि मग इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत तिचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी जी पद्धत चालवली, पुढे १९९९ मधे गूगलने घेतली, ओकेआर (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स) म्हणतात ती, तिच्यात ऑब्जेक्टिव्ह हाच मोठा, शब्दांत सांगायचा, आणि आकडे सगळे खालच्या 'की रिझल्ट्स'मधे. म्हणजे नियम पार उलटा! त्यामुळे 'डिफरन्शिएट बिट्वीन गोल अँड ऑब्जेक्टिव्ह' असा प्रश्न परीक्षेत विचारणं म्हणजे कुठल्या ऑफिसचे नियम विचारताय हे न सांगता मार्क कापणं, माझं तरी हे स्पष्ट मत आहे. भाषा म्हणून बघितलं तर ऑब्जेक्टिव्हला लष्करी नकाशाचा वास आहे, तो पूल ताब्यात घ्या, ती टेकडी घ्या. म्हणून तो बैठकीच्या अहवालात शोभतो आणि मित्राशी गप्पा मारताना जड होतो.

पण खरी मजा इंटेन्शन, मोटिव्ह आणि 'ऑन पर्पज' या त्रिकुटात आहे, आणि इथे चूक झाली तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. १९६१ च्या डिसेंबरात इंग्लंडमधे अण्वस्त्रविरोधी लोकांनी वेदर्सफील्डच्या हवाई तळात घुसून धावपट्टीवर बसायचं ठरवलं, विमानं उडू द्यायची नाहीत म्हणून. त्यांच्यावर १९११ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याखाली खटला झाला, आणि त्यात शब्द होता पर्पज, देशाच्या सुरक्षेला बाधक असा पर्पज. ते म्हणाले आमचा पर्पज देशाला अणुयुद्धातून वाचवायचा आहे, बाधक कसा? १९६२ मधे हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, हे मानलं नाही. तळ अडवणं हाच त्या कृतीचा तात्काळ पर्पज, त्यामागे देश वाचवायची कितीही कळकळ असली तरी तो मोटिव्ह, तो वेगळा. शिक्षा कायम राहिली. निकाल पटतो की नाही हा वेगळा वाद (मला पूर्ण पटत नाही), पण पर्पज आणि मोटिव्ह एकच असते तर वादाला जागाच नव्हती.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९६६ मधे छापून आला, त्यात वर्गात शाई सांडणाऱ्या मुलाला विचारायचे तीन प्रश्न आहेत. इंटेन्शनली सांडलीस का, डेलिबरेटली सांडलीस का, ऑन पर्पज सांडलीस का. आपण तिन्हीला 'मुद्दाम' म्हणून मोकळे होतो. पण बघा, रागाच्या भरात पटकन सांडली तर इंटेन्शनली आहे पण डेलिबरेटली म्हणता येत नाही, कारण डेलिबरेट म्हटलं की आधी विचार केला, करू की नको ते तोललं, आणि मग केलं. आणि ऑन पर्पज म्हटलं की सांडून त्याला काहीतरी साधायचं होतं, तास बुडवायचा होता म्हणा. सर्जनला पक्कं माहीत असतं की टाक्यांचा व्रण राहणार, तरी तो कापतो, पण व्रण त्याने ऑन पर्पज केला असं कुणी म्हणेल का? अमेरिकेतल्या १९६२ च्या मॉडेल पीनल कोडमधे, म्हणजे फौजदारी कायद्याच्या नमुना मसुद्यात, तर 'पर्पजली' आणि 'नोइंगली' अशा दोन वेगळ्या पायऱ्याच आहेत, मला तेच हवं होतं ही एक, होणार हे माहीत होतं ही दुसरी. इंटेंट आणि इंटेन्शनमधे अंतर कमी आहे, इंटेंट बहुतेक कोर्टाच्या कागदात, इंटेन्शन घरीदारी, नवीन वर्षाचे संकल्प वगैरे.

तर विनंती अशी की याद्या छापा, पण बरोबरच्या चिन्हाऐवजी प्रत्येक शब्दाला एकेक पूर्ण वाक्य द्या, कारण फरक शब्दात जेवढा असतो त्याहून जास्त त्याच्या शेजाऱ्यांत असतो. पर्पज 'सर्व्ह' होतो, गोल 'रीच' होतो किंवा 'अचीव्ह', टार्गेट 'मीट' होतं नाहीतर 'मिस'. एमच्या पुढे 'टू' किंवा 'अ‍ॅट', इंटेन्शनच्या पुढे 'ऑफ' किंवा 'टू'. 'विथ अ व्ह्यू टू'च्या पुढे क्रियापदाला 'इंग' लागतं, 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह' हे अर्जांमधे सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. आणि 'पर्पजली' आणि 'पर्पजफुली' हे दोन शब्द तरी कृपा करून एका ओळीत छापू नका. पहिला मुद्दाम, दुसरा निर्धाराने, ती पर्पजफुली उठून स्टेजवर गेली हे कौतुक आहे आणि तिने पर्पजली माइक बंद केला ही तक्रार.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक