काका, त्या खोडलेल्या नंबराबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही साताऱ्याला परत जाऊन दोन महिने झाले. फोनवर आभार मानायला गेलो तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही पावसापाण्याचा विषय काढलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

काय झालं होतं ते इतरांसाठी सांगतो. चार वर्षं पैसे साठवून मी इथे बर्मिंगहॅममध्ये एक ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी) घेतली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल. कायद्याप्रमाणे निकामी केलेली, दाखल्यासकट. इथल्या एका जाणकाराला दाखवली. स्कोपचा, म्हणजे वरच्या नेमाच्या दुर्बिणीचा नंबर दस्त्यावरच्या नंबराशी जुळत नाही एवढं बघून त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, "जोडाजोड केलेला माल आहे." तो शब्द माझ्या मनाला इतका लागला की अर्ध्या किमतीत विकायचं ठरवलं होतं.

तुम्ही मुलीकडे राहायला आला होतात. गणपतीच्या जेवणात कुणीतरी सांगितलं, हे फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मोरर (बंदुका दुरुस्त करणारे) होते, थ्री नॉट थ्रीवर, म्हणजे याच ली-एनफिल्ड जातीच्या रायफलीवर हात बसलेला माणूस आहे. दुसऱ्याच दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. चहा झाल्यावर म्हणालात, "स्कोप बाजूला ठेव. आधी बंदूक बघू."

आणि खरंच तुम्ही स्कोपकडे तासभर पाहिलंसुद्धा नाही. दस्ता जिथे लोखंडात बसतो तिथे एम४७सी आणि १९४४. म्हणजे बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीचा शर्लीचा कारखाना, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटं! त्याच भागावर डावीकडे टीआर, म्हणजे कारखान्यातच अचूक नेमाची म्हणून निवडलेली. दस्त्याच्या खालच्या अंगाला एस५१, ही लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडची खूण. आपल्याकडच्या संस्थानिकांना शिकारीच्या बंदुका करून देणारी हीच कंपनी. १९४२ पासून अशा वीस हजारांहून जास्त रायफली तिने स्नायपरसाठी तयार केल्या. आणि बॉडीच्या डाव्या बाजूला टी, काम पुरं होऊन रायफल पास झाल्यावर मारलेला.

मी म्हटलं, मग झालं की! तुम्ही मान हलवलीत. "अक्षराचा ठसा बाजारात मिळतो. कुणीही हातोडी मारेल." मग माझं बोट धरून तुम्ही त्या टीवरून फिरवलंत. ताज्या ठशाच्या कडा बोटाला लागतात, रंग फाटलेला दिसतो. इथे कडा बाजूच्या लोखंडाबरोबरच झिजल्या होत्या आणि खाचेतला रंग भोवतालच्या रंगासारखाच जुना होता. स्कोप बसवायचे दोन्ही पॅड स्क्रूने कसलेले आणि वर सोल्डर केलेले. मागच्या साइटचं जवळच्या माऱ्याचं भोक घासून काढलेलं, कारण ते स्कोपच्या आड येतं. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर बॉडीशी जुळला. स्कोप धरणाऱ्या ब्रॅकेटवरही तोच नंबर. तिथे तुम्ही पहिल्यांदा हसलात.

मग दस्ता. जिथे अंगठा पडतो त्या बारीक भागावर वरच्या बाजूला स्कोपचा नंबर मारलेला असतो. तुम्ही खोलीतला दिवा घालवायला सांगितलात, ओल्या फडक्याने लाकूड पुसलंत आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरलात. नंबराच्या वर अजून एक नंबर दिसला, त्यावर आडवी रेघ मारून खोडलेला. आणि खालच्या नंबराचा शेवटचा आकडा मळाने बुजला होता. जाणकाराने तो ३ वाचला होता. तुम्ही टाचणीने अलगद मळ काढलात. तो ८ होता. स्कोपवरच्या (मॉडेल नंबर ३२) नंबरातही शेवटी ८.

"पहिला स्कोप बिघडला असेल," तुम्ही म्हणालात. "आर्मोररने दुसरा बसवला, जुना नंबर खोडला, नवा मारला. मीसुद्धा हेच केलं असतं. खोटं करणारा माणूस खोडाखोड कशाला दाखवेल?"

काका, दुसरा एखादा असता तर खरी की खोटी एवढं सांगून गेला असता. तुम्ही मला बघायला लावलंत. प्रत्येक खुणेपाशी आधी "तुला काय दिसतं?" असं विचारलंत, चुकलो तर थांबलात आणि घाई एकदाही केली नाहीत. गुडघे दुखत असताना दोन तास जमिनीवर बसलात, हे मला नंतर ताईकडून, तुमच्या मुलीकडून कळलं. माझी रायफल खरी निघाली याचा आनंद आहेच. पण ऐंशी वर्षांपूर्वी कुणा आर्मोररने मारलेली ती आडवी रेघ दुसऱ्या आर्मोररने वाचली आणि ते मी शेजारी बसून पाहिलं, याचं मोल माझ्या लेखी त्याहून जास्त आहे.

रायफल विकणार नाही. दोन्ही नंबर, खोडलेला आणि चालू, जाड कागदावर तुमच्या नावासकट लिहून पेटीत ठेवलेत. तुमचा टॉर्च सोफ्याखाली सापडला, ताईकडे दिलाय.

काकूंना नमस्कार सांगा. गुडघ्याचं मनावर घ्या.

तुमचा ऋणी