अन्नवस्त्रात तृप्त कोणी राहायचे?

संपादक महोदय,

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला की बेळगाव परिसरातील चर्चमधून गरज आणि हौस यांवरची प्रवचने ऐकू येतात आणि त्यांत प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेले बायबलमधील वचन हमखास येते, की अन्नवस्त्र असले म्हणजे तेवढ्यात तृप्त असावे. गेल्या रविवारी ते ऐकताना माझ्या शेजारी, निपाणीहून लेकीकडे आलेल्या एक विडी कामगार आजी बसल्या होत्या. तेंदूचे पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे आणि दोरा बांधायचा, यात त्यांची चाळीस वर्षे गेली. आता दोरा नीट दिसत नाही, त्यामुळे दिवसाच्या हजार विड्या सहाशेवर आल्या आहेत आणि चष्मा दर महिन्याला ‘पुढच्या महिन्यात’ जातो. त्यांनी आणखी किती तृप्त व्हावे?

वास्तविक त्याच अध्यायात पुढे इशारा आहे तो श्रीमंत होऊ पाहणाऱ्यांना आणि शेवटी आज्ञा आहे ती धनवानांना, की त्यांनी परोपकारी व दानशूर असावे. तेव्हा हे माप आधी आपल्याच घराला लावायला हवे, म्हणून आम्ही रीतसर यादी केली. दुसरी दुचाकी, दोन वर्षांत बदललेला मोबाइल, दिवाणखान्यातील नवे पडदे हे सारे मुकाट्याने ‘गरज’ या रकान्यात जाऊन बसले आणि ‘हौस’ खाली उरली ती फक्त कुंद्याची मिठाई! आजींच्या चष्म्याला मात्र आम्ही ‘मदत’ म्हणतो.

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा माणशी दिवसाला ३ डॉलर अशी ठरवली (हे डॉलर बाजारातील दराने नव्हे, तर त्या त्या देशातील किमतींशी जुळवून मोजतात). तिच्याखाली जगात सुमारे ८० कोटी माणसे असून त्यांतील निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. हे सांगितले की ‘आधी आपल्या गल्लीतले गरीब बघा’ हे उत्तर ठरलेले. परंतु बायबलमधील, दूरच्या यहूदीया प्रांतातील ख्रिस्ती बंधूंसाठी ऐपतीप्रमाणे मदत धाडणाऱ्या अंत्युखिया शहराच्या शिष्यांनी गल्ली पाहिली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्याही काही त्यांच्या गल्लीतल्या नव्हत्या. शिवाय गल्लीचा हवाला देणारे गल्लीत तरी किती देतात, हे दानपेटी उघडणाऱ्यांना विचारावे. मी ती तीन वर्षे उघडली आहे.

माझी सूचना एवढीच, की प्रत्येक कुटुंबाने आपल्या यादीतील एक ‘गरज’ वर्षभर पुढे ढकलावी आणि ती रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळी काढून निम्मी सीमाभागात व निम्मी दूरदेशी पाठवावी. चर्चने तिचा हिशेब दर तिमाहीला उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या घरी पडदे रद्द झाले आहेत. मोबाइलवर अद्याप वाद चालू आहे.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव