पुढच्या चाकातली खुळखुळ

मालवण,
१६ नोव्हेंबर

प्रिय बाबल,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाईकच्या पुढच्या ब्रेकला फ्लोटिंग डिस्क टाकलीस म्हणे, मी पण टाकू का?" आणि मी "सावकाश सांगतो" म्हणून विषय टाळला. कारण त्यात माझी फजिती आहे आणि बायको शेजारीच बसली होती. आज ती माहेरी गेली आहे, तेव्हा सगळं लिहितो.

दसऱ्यानंतर आम्ही दोघं बेळगावला जाऊन आलो. येताना गाडीच्या दोन्ही पेट्या गच्च. बटाटे, कुंदा आणि मेहुणीने दिलेलं काय काय. आंबोलीला चहा घेतला आणि घाट उतरायला लागलो. धबधब्याच्या खालच्या वळणांवर पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना धक्के द्यायला लागली. चाकाच्या फेऱ्याबरोबर थड, थड, थड. पुढे पुढे तर लिव्हर नेहमीपेक्षा आत जायला लागली. मी गपचूप दुसऱ्या गिअरवर आलो आणि मागच्या ब्रेकवर कसाबसा उतरलो. दाणोलीला थांबून चाकाजवळ हात नेला तर भजीच्या कढईजवळ नेल्यासारखी धग. हिला म्हटलं, "चहा घेऊया." ती म्हणाली, "आत्ताच तर घेतला!"

त्या रात्री मी आकडेमोड केली. मास्तरकी, दुसरं काय. गाडी, आम्ही दोघं आणि सामान मिळून ३५० किलो धर, आणि उतार ५०० मीटरचा. म्हणजे सतरा लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत पाचएक लिटर गार पाणी उकळीला येतं. वारा आणि इंजिन त्यातला बराच वाटा उचलतात, पण तू क्लच दाबून उतरतोस तसा कोणी उतरला तर उरलेलं सगळं ब्रेकच्या त्या दोन पातळ चकत्यांच्या, म्हणजे डिस्कच्या माथी. (हो, तुलाच म्हणतोय. गगनबावड्याला तुझ्या मागून येताना तुझा ब्रेकचा दिवा विझलेला मी पाहिलेला नाही.)

आता डिस्क तापली की फुगते. आपली ३०० मिलिमीटरची डिस्क ३०० अंशांनी तापली तर तिचा व्यास जवळजवळ एक मिलिमीटर वाढतो. साधी डिस्क एकसंध असते आणि आतल्या बाजूने थंड हबला बोल्टांनी आवळलेली. बाहेरची कड पसरायला बघते, आतली सोडत नाही. मग ती कुठे जाणार? निखाऱ्यावरच्या पापडासारखी एका अंगाला वळते. फ्लोटिंगमध्ये हेच दोन तुकडे वेगळे केलेले असतात. आत ॲल्युमिनियमची चकती, बाहेर पोलादी कडं, आणि दोघांना जोडणारी गोल बटणं, ज्यांना मेस्त्री लोक बॉबिन म्हणतात. बटणांभोवती केसाएवढी फट ठेवलेली असते. कडं तापून पसरलं तरी वाकडं न होता जागच्या जागी मोठं होतं, आणि थोडं डावं-उजवं सरकून, त्याला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या दोन पॅडच्या बरोबर मध्ये बसतं.

हे सगळं वाचून मी इतका हुरळलो की दुसऱ्या दिवशी डिस्क मागवलीसुद्धा. साडेनऊ हजार. आली ती चुकीची, ॲल्युमिनियमचा भाग माझ्या गाडीला हवा तेवढा खोल नव्हता आणि एबीएसची (चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग बसवायला भोकंच नव्हती. परत पाठवली, दुसरी आली. त्यात पंधरा दिवस गेले. बायकोला मी सांगितलं होतं की "किरकोळ पार्ट आहे."

डिस्क घेऊन कुडाळच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी नव्या डिस्ककडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसले, कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) हाताने ढकलून बघितला आणि म्हणाले, "सर, डिस्क बदलतास ती बदला. पण आधी ह्यो कॅलिपर हलता काय बगा."

हलत नव्हता. आणि इथे माझी फजिती.

माझ्या गाडीचा कॅलिपर एकाच बाजूला पिस्टन असलेला, पिनांवर सरकणारा. पिस्टन आतला पॅड दाबतो, मग सगळा कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. माझ्या पिना खाऱ्या वाऱ्याने गंजून, ग्रीस वाळून चिकटल्या होत्या. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. म्हणजे कित्येक महिने एकच पॅड डिस्कला एका अंगाने रेटत होता आणि ब्रेक सोडला तरी घासत राहत होता. डिस्क आपली आपण तापली नव्हती, मी तिला भाजत होतो! मेस्त्रींनी डायल गेज (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून जुनी डिस्क फिरवली तर ०.३५ मिलिमीटरची डुलकी. माझ्या पुस्तिकेत मर्यादा ०.३० ची आहे. पिना सैल असत्या तर एवढी डुलकी कॅलिपरने सरकून पचवली असती आणि बोटांना कळलीही नसती.

आणि लिव्हर आत का जात होती, तर ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ (आपल्या ब्रेक ऑइलचा प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं १५५ ला उकळू शकतं. मग नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. दोन वर्षांनी बदलायचं असतं. मी तीन पावसाळे तसेच काढले होते, तेही समुद्रापासून दोनशे पावलांवर राहून.

तेव्हा पिना पॉलिश केल्या, रबरी टोप्या नव्या घातल्या, ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावलं (साध्या ग्रीसने ते रबर फुगतं), ऑइल बदललं, पॅड नवे. जुनी डिस्क मर्यादेबाहेर होतीच, म्हणून आणलेली फ्लोटिंग बसवली. नसती आणली तर साधी नवी टाकूनही माझं काम भागलं असतं. बोल्ट नवे, थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पान्याने. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळावेत म्हणून पहाटे कसालच्या चौपदरीवर ६० वरून १५ पर्यंत दहा-बारा वेळा वेग उतरवला, पूर्ण न थांबता, आणि थंड होऊ दिली.

आता ब्रेक कसा आहे? लोण्यासारखा. पण नव्या डिस्कमुळे किती आणि सुट्या पिनांमुळे किती, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात मुद्दाम आंबोली चढून उतरून आलो, धक्का नाही. एक मात्र आहे. देवबागच्या रस्त्यावर खड्ड्यांतून हळू जाताना चाक खुळखुळतं. हिने पहिल्याच दिवशी विचारलं, "चाकात सुट्टे पैसे टाकलेत का?" ती बटणं. स्प्रिंगच्या चकत्या असलेल्या कमी वाजतात, पण वाजणं हा दोष नाही. इथे तर वाजायची बंद झाली की मला काळजी. मीठ आणि जांभ्याची लाल धूळ त्या फटीत बसली की बटणं जाम, आणि मग साडेनऊ हजारांची साधीच डिस्क. म्हणून दर रविवारी गोड्या पाण्याने धुतो आणि एकेक बटण फिरतं का बघतो. तेलाचा थेंबही तिकडे नेत नाही.

तुझं प्रकरण वेगळं आहे. तुझ्या कॅलिपरला समोरासमोर चार पिस्टन आहेत, तो जागचा हलत नाही. तिथे मधे बसण्याचं काम डिस्कलाच करावं लागतं, म्हणून तुला फ्लोटिंगचा फायदा माझ्यापेक्षा जास्त. पण पैसे घालण्याआधी बॅटरी घेऊन खाली बस. डिस्कच्या आतल्या कडेला गोल बटणं आहेत का बघ. मला दाट संशय आहे की कंपनीनेच फ्लोटिंग दिली आहे आणि तू चार वर्षं तिच्यावरच फिरतोयस. फोटो काढून पाठव.

नाताळात येतोयस ना? संकेश्वर-आजऱ्यावरून आंबोलीने उतर, गिअरमध्ये. आणि पुण्यातून त्या सिलिकॉन ग्रीसची एक ट्यूब आण, इथली मेस्त्रींनी संपवली. डिस्कची किंमत हिच्यासमोर काढू नकोस.

तुझा,
पंढरी