जर्नलातलं रीडिंग पुरे, आता काउंटर चालू करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

प्रॅक्टिकलच्या परीक्षा जवळ आल्यात म्हणून लिहितोय. मी सोलापुरात बीएस्सीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. बऱ्याच ठिकाणी बघितलंय, जीएम काउंटरचा (किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्राचा) प्रयोग जर्नलात असतो पण काउंटर कपाटात, ट्यूब गेलेली नाहीतर सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा पदार्थ, जुना झालेला, मग पोरं सिनियरच्या जर्नलातून रीडिंग उतरवतात आणि त्यावर सह्या होतात. याचा मला मनापासून त्रास होतो.

उतरवलेलं रीडिंग बघितल्या बघितल्या कळतं, कारण ते फार सरळ असतं. खरा काउंट, म्हणजे ट्यूबनं मोजलेला आकडा, परत परत तोच येत नाही. एका मिनिटात 400 आले तर पुढच्या मिनिटात 383, मग 421, अणू कधी फुटेल याचा नेमच नसतो, 400 ला साधारण 20 चा फरक पडणारच, म्हणजे वर्गमूळाएवढा. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पोरगं विचारतं, सर मग यातला खरा आकडा कुठला? न्यूक्लिअर फिजिक्स इथनं सुरू होतं हो!

सोर्स नाही ही सबबपण नको. आपल्या जिल्ह्यात डाळिंबाला, उसाला जो लाल पोटॅश टाकतात त्यात पोटॅशियम-40 हा पोटॅशियमचा किरणोत्सर्गी प्रकार मुळातच असतो, एक ग्रॅम पोटॅशियममागे सेकंदाला साधारण 31 अणू फुटतात. खताच्या दुकानातनं किलोभर आणा, आधी नुसत्या स्टँडवर दहा मिनिटं बॅकग्राउंड, म्हणजे आजूबाजूचा मुळातला काउंट, घ्या, मग पसरट डिशमध्ये खत भरून ट्यूबच्या तोंडाशी सरकवा. ट्यूबची खिडकी पातळ असेल तर काउंट वाढलेला लगेच दिसतो.

एवढं लावून धरायचं कारण म्हणजे पुढचं सगळं या मोजणीवरच उभं आहे. 1934 साली आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी ॲल्युमिनियमवर अल्फा कण सोडले, सोर्स बाजूला घेतला तरी काउंटर वाजतच राहिला आणि दर काही मिनिटांनी निम्मा होत गेला. ॲल्युमिनियमचा फॉस्फरस-30 झाला होता, माणसानं बनवलेला पहिला रेडिओआयसोटोप (किरणोत्सर्गी अणुप्रकार), त्यावर 1935 चं नोबेल मिळालं. आजही न्यूक्लिअर रिॲक्शनचा क्रॉस-सेक्शन, म्हणजे ती घडण्याची शक्यता, काढायचा तर पातळ फॉइलवर कणांचा बीम सोडतात, फॉइल जर्मेनियम डिटेक्टरसमोर ठेवतात आणि गॅमाचे काउंट मोजतात. त्यावरूनच ठरतं कुठला आयसोटोप किती बनेल.

आणि हे आपल्या पेशंटपर्यंत येतं. थायरॉइडच्या कॅन्सरला आयोडिन-131 देतात, ते रिॲक्टरमध्ये टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून मिळतं, हाफ-लाइफ (निम्मं होण्याचा काळ) 8 दिवस, त्यामुळे मुंबईच्या ट्रॉम्बेहून गाडीनं आलं तरी कामाचं राहतं. पेट स्कॅनचं फ्लोरिन-18 मात्र 110 मिनिटांत निम्मं होतं, मुंबईहून निघून सव्वासात तास लागले तर पोचेपर्यंत सोळावा हिस्सा उरला. हे गणित हातानं मोजलेल्या पोराला पटकन कळतं, पाठ केलेल्याला नाही.

म्हणून विद्यापीठाला विनंती आहे, या प्रयोगाचं बॅकग्राउंडसकट रीडिंग परीक्षकासमोर घ्यायला लावा, आणि एक चालू काउंटर आळीपाळीनं सगळ्या कॉलेजात फिरवा. शिवाय एमएस्सीच्या पोरांना एकदा कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतलं पेलेट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, दाखवा. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसलं की सकाळी मुंबईत उतरता येतं, आधी परवानगीचं पत्र तेवढं विभागानं पाठवायला हवं.

आपला,
एक फिजिक्सचा शिक्षक, सोलापूर