फोनवर सांगितलं नाही ते

ठाणे, ७ डिसेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पोर्तुगालच्या सहलीत फोनवर मी आठ दिवस तुमच्याशी धडधडीत खोटं बोलले, म्हणून पत्र. "सगळं मस्त, हवा छान, जेवणाचे हाल नाहीत" यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. आता खरं सांगते, आणि ते सांगायचं कारण म्हणजे कुसुमकाकू. परवा त्यांचा फोन आला होता. लिस्बनची चौकशी करता करता सहज म्हणाल्या, "आईच्या मनगटाची सूज उतरली बरं का आता." कुठलं मनगट? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या आधी मोरीत पाय घसरला, हाताला तडा गेला, प्लास्टर झालं. आणि आम्हाला काय सांगितलंत? "बाबांना प्रवासाची दगदग नको, यंदा ठाण्याला येत नाही." व्हिडिओ कॉलवर आई सारखी पदराखाली हात घेऊन बसत होती, मला वाटलं थंडी पडली असेल वाईत. लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी बाबांच्या अक्षरात होती, तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती.

तर आधी मी कबूल होते. मग तुमची पाळी.

सुरुवात घोडबंदर रोडवरच झाली. विमान पहाटेचं, रात्री साडेदहाला घरातून निघालो, तरी कंटेनरच्या रांगेत तासभर जागचे हललो नाही. मंदार दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि सासूबाई फोनवर सांगत होत्या, "आधीच निघायचं होतंत." धापा टाकत पोचलो, तर विमानालाच तीन तास उशीर. त्यामुळे आखातात पुढचं विमान चुकलं आणि तिथल्या खुर्च्यांवर चौदा तास काढले. आई, तुझे कंदी पेढे तिथे संपले. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे हे मला माहीत होतं, तरी तू एवढ्या हौसेने दिलेस म्हणून हातातल्या पिशवीत ठेवले होते. शेजारी नायजेरियाचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्या धाकट्याने चार खाल्ले आणि पाचव्यासाठी माझ्या मांडीवर येऊन बसला. डबा रिकामा झाला.

लिस्बनला उतरलो, मोठी बॅग आलीच नाही. पट्टा फिरतोय, सगळ्यांच्या बॅगा जाताहेत, शेवटी एक लहान मुलांची ढकलगाडी तेवढी गोल गोल फिरत राहिली. खिडकीवर तक्रारीचा फॉर्म भरला, एक नंबर मिळाला. त्या बॅगेत आमचे सगळे कपडे, तुझी इरकल, मेतकूट, चकल्या आणि ते लोणचं. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला पोचलो.

आता एक गंमत सांगते. रात्री कुर्ता धुवायचा तर साबण हवा. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, इंग्रजीत विचारलं, हातवारे केले, दुकानदार आजोबांना काही कळेना. वैतागून मी मंदारकडे वळून म्हणाले, "अरे, साबण कुठे असेल?" तर आजोबांचा चेहरा उजळला. "साबाओ!" म्हणाले आणि वडी काढून दिली. मग आम्हाला नादच लागला. हॉटेलवाल्या बाईंनी दिली ती 'शाव', म्हणजे आपली चावी. न्हाणीघरातली 'बाल्द', आपली बालदी. पाव तो पावच, नाकात म्हणायचा. बटाटा 'बताता', कोबीला 'कोव'. त्यांच्याकडे 'पगार' म्हणजे पैसे देणं, आपल्याकडे घेणं! तलावपाळीच्या काठचं ते चर्च आणि घोडबंदरचा किल्ला रोज बघते, पण चारशे वर्षांपूर्वी ही पोर्तुगीज माणसं आपल्या स्वयंपाकघरात आणि मोरीतही शिरली आहेत, हे एका कुर्त्याने दाखवलं. तो कुर्ता मी तीन रात्री धुतला. तिकडचा नोव्हेंबर पावसाळी असतो, सकाळपर्यंत वाळायचाच नाही. ओलाच घालायचे.

बाबा, तुम्ही ट्रामबद्दल विचारलं होतंत आणि मी "छान होती" म्हणून विषय बदलला होता. आता नीट ऐका. २८ नंबरची ट्राम, पिवळी, एकाच डब्याची, आतून लाकडी, १९३०च्या दशकातली. रूळ नऊशे मिलिमीटरचे, म्हणजे मीटरगेजपेक्षाही अरुंद. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी दाराची कडी वाजवता येईल. आणि चढ! पसरणी घाट बरा म्हणायचा. वळण तरी येतं तिथे, इथे सरळ नाकासमोर चढायचं, दाते नाहीत की दोर नाही, नुसती चाकं आणि रूळ. पावसात चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडतात. ड्रायव्हर हँडल फिरवत होता आणि मला सारखे तुम्ही आठवत होतात, एसटीच्या स्टिअरिंगवर अंगठा वर ठेवून बसलेले. मंदारला मी तुमची गोष्ट सांगत होते, रात्रीच्या शेवटच्या गाडीत घाटात ब्रेक तापल्याचा वास आला आणि तुम्ही गाडी बाजूला लावून प्रवाशांना चहा पाजलात ती. गोष्ट संपली आणि मंदारने खिशाला हात लावला. पाकीट नव्हतं.

एकशे चाळीस युरो, एक कार्ड, लायसन्स. पासपोर्ट हॉटेलात होते, ही तुमचीच शिकवण. युरोला शंभर रुपये धरून हिशोब केलात तर तुम्हालाच कळेल, मी आकडा लिहीत नाही. कार्ड फोनवरून बंद केलं. रेस्टोराडोरेस नावाच्या चौकात पर्यटकांसाठी वेगळं पोलिस ठाणं आहे, तिथे गेलो. ड्यूटीवरच्या मुलीने शांतपणे सगळं लिहून घेतलं, कागद दिला. बाहेर आलो तर शेजारीच तो टेकडीवर चढणाऱ्या ग्लोरियाच्या गाडीचा रूळ. सप्टेंबरात तिचा दोर तुटून सोळा माणसं गेली, ती बातमी बघूनच आई म्हणाली होती ना, "असल्या कशात बसू नका." बसलो नाही आई. ती बंदच आहे. १८८५ पासून चालत होती. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो आणि पाकिटाबद्दल पुढे कुणीच काही बोललं नाही.

लिस्बनच्या बेलें भागात पहिल्याच दिवशी गेलो होतो, तर सोमवार. जेरोनिमोस मठ सोमवारी बंद. वीस वर्षांच्या संसारात हे कुणी बघून ठेवायचं यावर अर्धा तास बोलणी झाली, ती मी लिहीत नाही. लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाचंही थोडक्यात सांगते: पेना राजवाडा लाल-पिवळा, डोंगरावर, फोटोत सुंदर दिसतो. आम्ही गेलो तेव्हा ढग इतके की पुढचा माणूस दिसेना. पाचगणीच्या टेबललँडवर जुलैत जसं होतं, तसंच. बसच्या रांगेत आमची आत जायची वेळ टळून गेली, राजवाडा बाहेरूनच धुक्यात पाहिला. म्हणजे पाहिला नाहीच.

बुधवारी रात्री बॅग आली. लोणचं फुटलं होतं. मंदारचे दोन्ही शर्ट पिवळे, चकल्यांना लिंबाचा वास. पण इरकल तू बाबांच्या जुन्या पंच्यात गुंडाळून दिली होतीस, तिला डागही नाही. दुसऱ्या दिवशी २७ तारीख, लग्नाचा वाढदिवस. मी इरकल नेसले, वर पावसाचं जाकीट, खाली बूट, आणि पुन्हा जेरोनिमोस. दगडात दोर कोरलेत, जहाजाचे, गाठींसकट. आत शिरल्यावर एका बाजूला वास्को द गामा, हात जोडून आडवा, दगडी. कालिकतला आला १४९८ साली आणि मेला आपल्याच देशात, कोचीला, १५२४मध्ये. हाडं नंतर इकडे आणली. मंदार हळूच म्हणाला, "याचीही बॅग उशिरानेच आली." मला चर्चमध्ये हसू आवरेना, एका म्हाताऱ्या बाईंनी रागाने पाहिलं, मग साडीकडे पाहिलं आणि काठ चिमटीत धरून बघायला लागल्या.

मठाच्या शेजारीच १८३७ पासूनचं एक दुकान आहे, कस्टर्डच्या छोट्या टार्टचं. वरून दालचिनी घालून गरम खायचे. आई, अंडं असतं त्यात, तू विचारायच्या आधीच सांगते. आम्ही सहा खाल्ले. पाकीट गेलेल्या माणसाने तीन.

बाबा, कार्मोचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. १ नोव्हेंबर १७५५ला सकाळी लिस्बनला भूकंप झाला. सर्व संतांचा सण, चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग समुद्र आत आला, मग आग. कार्मोच्या मठाचं छप्पर पडलं ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या दगडी कमानी उभ्या आहेत, त्यांच्यातून आभाळ दिसतं. मी तिथे उभी राहिले आणि मला कोयनेचा भूकंप आठवला. म्हणजे माझा जन्म नव्हता तेव्हा, पण तुम्ही दर अकरा डिसेंबरला सांगता ना: पहाटे चारची वेळ, आजीने तुम्हाला गोधडीसकट अंगणात ओढलं आणि फडताळातली पितळी भांडी एकेक करून खाली पडत होती, त्यांचा आवाज. येत्या गुरुवारी पुन्हा सांगाल. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

आता मुख्य कबुली. फोटोत माझ्या हातात छत्री होती ती पावसासाठी नव्हती, टेकायला होती. आल्फामा म्हणून जुना भाग आहे, सगळा पायऱ्यांचा. तिकडच्या रस्त्यांना पांढरे चुनखडीचे छोटे दगड बसवलेले असतात, झिजून गुळगुळीत झालेले, पाऊस पडला की साबण लावल्यासारखे. (साबाओ.) चौथ्या पायरीवर पाय मुरगळला आणि मी सरळ बसले. दारातल्या एका आजींनी आतून गोठवलेल्या मटारची पिशवी आणून घोट्यावर ठेवली, वर स्वतःचा रुमाल बांधला, आणि एका इवल्याशा पेल्यात लाल काहीतरी दिलं. चेरीची दारू होती ती, आई. त्या बायका दारातच विकतात. मी प्यायले. घसा जळला, पण रडू थांबलं.

तिथे बसलेली असताना खालच्या चर्चची घंटा वाजली. बाबा, मेणवलीच्या घाटावरची घंटा आठवते? मला खांद्यावर घेऊन तुम्ही हात लावायला द्यायचात. मी विचारलं होतं, घंटेवरची ही बाई कोण, कडेवर बाळ आहे ती. तुम्ही म्हणालात, "यशोदा." पुढे शाळेत कळलं की ती मेरी आहे, खाली १७०७ साल आहे, आणि घंटा पोर्तुगीजांच्या चर्चमधून मराठ्यांनी आणलेली. तेव्हा तुमच्यावर चिडले होते, खोटं सांगितलंत म्हणून. पायऱ्यांवर ती घंटा ऐकताना मला मात्र यशोदाच दिसली. मंदारला म्हटलं, तर तो म्हणाला, "दारू चढली तुला."

घोटा आता बरा आहे. डॉक्टरांना दाखवला ठाण्याला आल्यावर, हाड शाबूत, पट्टी आणखी आठवडाभर. जिना चढताना दुखतो, उतरताना जास्त. हे खरं आहे, यात काही लपवलेलं नाही.

२५ तारखेला नाताळची सुट्टी आहे, ईशालाही शाळा नाही. आम्ही तिघं वाईला येतो. मोरीत बसवायला रबरी पट्ट्या आणि भिंतीचा दांडा घेतलाय, मंदार ड्रिल मशीन आणतोय. "कशाला उगाच" म्हणू नका, पैसे देऊन झालेत. पगार झालेत. मेणवलीलाही जाऊ, पण आई घाट उतरणार नाही, वरच बसेल, मीही तिच्याशेजारी. घंटेपर्यंत ईशाला बाबा घेऊन जातील.

आणि आजच्या आज आईच्या मनगटाचा एक्स-रे व्हॉट्सअॅपवर पाठवा. बरी आहे म्हणून हसतेय असा आईचा फोटो नको. एक्स-रे. खिडकीच्या काचेला लावून काढा, नीट येतो.

तुमची,
मनू